लिंक रॉड

गाडी घेतली तेव्हा ती सतरा वर्षांची होती,
माझ्या दहावी क मधल्या सगळ्या पोरांहून थोरली.
एमएच-दहा. रंग कधीकाळी चंदेरी असावा.
कवठे महांकाळच्या आदगोंडा कंपाउंडरांनी
किल्ली हातात देताना एवढंच सांगितलं,
"ब्रेकर आला की हळू घ्या."
मला वाटलं, वयस्कर माणूस, काळजीनं बोलतंय.

पहिल्या ब्रेकरला कळलं.
टक.
डाव्या चाकापाशी, कुणी पाट्यावर वरवंटा
जरा आपटून ठेवावा तसा.
खडीवर कडकड, वळताना काही नाही,
आणि कधी सरळ रस्त्यावर मध्येच एक, उगाच,
आपण आहोत हे सांगायला.

सांगली-तासगाव रोज जाऊन येऊन पन्नास किलोमीटर.
शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाकडे निदान होतं.
कुंभोजकर बाई : शॉकअप.
शिपाई भाऊसो : विकून टाका.
मेहुणे, ज्यांच्याकडे गाडीच नाही : सायलेन्सर.

शंभर फुटीवरच्या चकचकीत गॅरेजात
दोन्ही शॉकअप बदलले. सहा हजार चारशे.
परत निघाले, कॉलेज कॉर्नरला
टक.
मग त्यांनी बुश घातले, गाडी वर टांगून
चाकं हलवून दाखवली. बघा, कुठे काय आहे?
जुन्या गाडीला एवढं असतंच, मॅडम.
वाक्य ओळखीचं वाटलं.
गुडघ्यांबद्दल डॉक्टर हेच म्हणाले होते.

मिरजेत, स्टेशनमागच्या बोळात, दस्तगीर मिस्त्री.
त्यानं बॉनेट उघडलं नाही. म्हणाला, चालवा.
आणि स्वतः बंपरच्या बाजूनं चालत राहिला, मग पळत,
एक हात मडगार्डवर, डोळे अर्धे मिटलेले,
तोंडात तंबाखू म्हणून गप्प.
चौथ्या फेरीला पिंक टाकली.
"आवाज डावीकडं येतोय. दुखणं उजवीकडं हाय.
लोखंडातनं फिरतो आवाज. ऐकू येतो तिथं ऱ्हात न्हाई."

त्याचे चुलते तंबोरे करायचे.
भोपळ्यावर टिचकी मारून बाजूला सारायचे,
हा वाजंल, हा पाणी भरायला.
दस्तगीरला ते काम जमलं नाही.
"हात जड. कान तेवढा घरचा."

जॅक लावला नाही. शहाबादी बसवलेल्या खड्ड्यावर
गाडी चारी पायांवर उभी करून तो खाली उतरला.
"टांगलेली गाडी बोलत न्हाई. वजन पायावर पायजे.
वरनं दाबा, मॅडम."
मी साडीचा पदर खोचून बॉनेट दाबत राहिले,
बोळातली पोरं बघत राहिली,
आणि खालून त्याचा आवाज आला,
"या इकडं. हे बघा."

उजव्या लिंक रॉडचा सांधा. झिजून सैल.
त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी,
तीन वेढे, एकसारख्या अंतराचे,
शेवटचं टोक आत खोचलेलं,
बँडेजचं खोचतात तसं.

म्हणजे त्यांना माहीत होतं.
गाडीखाली झोपून, त्या वयात,
कंपाउंडरांनी येत होतं ते केलं होतं.
मला राग यायला हवा होता. आला पण,
मिनिटभर. मग दस्तगीरनं ती पट्टी कापली तेव्हा
मी दुसरीकडे पाहिलं.

नवा रॉड चारशे वीस. मजुरी दोनशे.
जुना त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला,
न्हाईतर म्हनशीला, बदललाच न्हाई.

मिरज ते विश्रामबाग, सगळे ब्रेकर मुद्दाम घेतले.
खाली काही नाही. इतकं काही नाही
की दाराच्या खिशातली चिल्लर ऐकू आली,
डब्याचं झाकण, घड्याळाचा काटा,
माझा श्वास, जो बहुतेक ब्रेकरआधी
सहा महिने मी धरून ठेवत होते.

आणि वानलेसवाडीच्या पुढे, शेवटच्याला,
टक.

गाडी कडेला घेतली. पोटात गोळा.
उतरले, वाकले, उठले.
मग डॅशबोर्डचा कप्पा उघडला.
वर्तमानपत्रातून सुटून
तो आत लोळत होता.

आता रुमालात बांधलाय. तीन वेढे.
टोक मला नीट खोचता येत नाही.